तुंगारेश्वराला जावावरून वळसा

चिंचोटी फाट्यावर गाडी उभी केली की दोन प्रकारची माणसे जवळ येतात. काही विचारतात, "विकणार का?" काही विचारत नाहीत, टाकीवरून हात फिरवतात आणि आपल्या वडिलांची नाहीतर मामाची आठवण काढतात. माझी 'जावा 250' 1966 सालची. वडिलांनी ती जुनीच घेतली आणि यंत्रमागाच्या कामापायी चिंचोटी ते भिवंडी वर्षानुवर्षे पळवली.

1929 मध्ये फ्रँटिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून झाले 'यावा'. आपण रोमन अक्षरे वाचली आणि तिची जावा केली. मुंबईच्या इराणी घराण्याने म्हैसूरला 'आयडियल जावा'चा कारखाना काढला. 1961 पासून तिथे गाड्या निघू लागल्या, 1973 पासून त्यांचे नाव येझदी झाले आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

आता ही गाडी कायद्यानेही ऐतिहासिक ठरू शकते. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. मात्र तशी नोंद झाली की ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच. "अर्ज भरून टाका, बाबा," असे मुलगा वर्षभर सांगतो आहे. अर्ज खिशात घालूनच मी गेल्या कार्तिकात सकाळी निघालो.

पेट्रोलमध्ये लिटरमागे सुमारे 40 मिलिलिटर ऑइल, मग किक. किकचा दांडाच पुढे वळवला की गिअर होतो. नवख्या माणसाला हे पटतच नाही. ताशी 40 च्या वर मी गाडी नेत नाही.

कामणच्या रस्त्याला लागले की डावीकडे तुंगारेश्वराचा डोंगर, पुढे कामणदुर्ग, उजवीकडे खाडीच्या बाजूचा सखल मुलूख. खारबावपर्यंत ट्रकच्या रांगा आणि भातखाचरे यांच्यामधून वाट काढावी लागते. वडिलांच्या वेळी या रस्त्याला सुताची ओढ होती, आता गोदामांची आहे. अंजूर फाट्याला चहा घेतला. वसईच्या मोहिमेचा विचार करताना आपण किल्ल्यापासून सुरुवात करतो, तिथेच चुकतो असे मला वाटते. ज्याने पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे खटपट केली, तो गंगाजी नाईक याच अंजूरचा. 1737 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे 1739 मध्ये वसई पडली. या दोन वर्षांच्या लढाईमागे स्थानिकांचे किती वर्षांचे येणेजाणे होते, ते पुस्तकातल्या नकाशावर दिसत नाही. अंजूर एका पानावर, वसई दुसऱ्या, मध्ये कोरा कागद. जावावर बसले की तो कागद भरतो: चढ कुठे, खाडी कुठे, डोंगर कोणत्या बाजूने टाळावा लागतो.

भिवंडी ओलांडली, ती कशीबशी. अंबाडीला डावीकडे वळल्यावर रस्ता मोकळा झाला. वज्रेश्वरीचे देऊळ खालून किल्ल्यासारखेच दिसते: टेकडी, दगडी पायऱ्या, तटबंदी, नगारखाना. वसई सर झाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला, अशी परंपरा आहे. अंजूर आणि वज्रेश्वरी एकाच डोंगराच्या दोन बाजूंना आहेत, हे मला ठाऊक होते. पण इंजिन तापून दोनदा थांबावे लागले, तेव्हा त्यांच्यातले अंतर समजले.

पारोळच्या अलीकडे ते तिसऱ्यांदा थांबले. प्लग काढला, काजळी पुसली. शेजारच्या खळ्यावरून एक आजोबा आले. "माझ्या भावाकडं होती," म्हणाले. "गिअर टाकताना क्लच दाबायला लागत नव्हता ना?" नव्हता. माझ्या आधी त्यांनीच किक मारली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

सहा व्होल्टचा दिवा महामार्गावर निरुपयोगी, म्हणून शिरसाडहून पुढे अंधाराशी शर्यत होती. शंभरएक किलोमीटरचा वळसा पुरा करून चिंचोटीला पोचलो तेव्हा हॉटेलांचे दिवे लागले होते. मुलाने अर्जाचे विचारले. खिशातला कागद प्लग पुसायला गेला होता, हे त्याला सांगितले. अंजूर गावात मात्र या खेपेला जाणे झाले नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी जायचे आहे. त्याआधी पॉइंट घासून घेतो.