ठोकळ्यांच्या जगातील मालगाडी

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. जहाजाने समुद्र कितीही वेगाने ओलांडला, तरी धक्क्यावर कंटेनर उतरविण्यास विलंब लागला तर तो वेग व्यर्थ ठरतो. नवी मुंबईकरांच्या परिचयाचे हे गणित 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळातील लोहमार्गालाही लागू पडते.

स्वीडनमधील मोयांग कंपनीचा हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यातील जग ठोकळ्यांचे असते. खाणीतील माल कोठारात नेण्यासाठी खेळाडू रूळ टाकतात. साध्या रुळांवर गाडा हळूहळू थांबतो. म्हणून ठरावीक अंतरावर सोने वापरून बनविलेले 'पॉवर्ड रेल' बसवितात. 'रेडस्टोन' या खनिजाचा विद्युतसंकेत मिळाला की हे रूळ गाड्याला ढकलतात. संकेत नसला की तेच ब्रेकचे काम करतात.

माल उतरविण्याचे काम 'हॉपर' करतो. नरसाळ्यासारखे हे साधन २०१३ मध्ये खेळात दाखल झाले. रुळाखाली बसविलेला हॉपर वर उभ्या असलेल्या गाड्यातील वस्तू एकेक करून ओढतो व शेजारच्या पेटीत टाकतो. 'कम्पॅरेटर' हे दुसरे साधन पेटीत किती माल आहे, हे मोजून संकेत देते. या संकेताच्या आधारे गाडा रिकामा होताच पॉवर्ड रेलला वीज मिळेल आणि तो आपोआप परत निघेल, अशी जोडणी करता येते.

आता हिशेब पाहा. गाड्याचा कमाल वेग सेकंदाला ८ ठोकळे आहे. म्हणजे ४०० ठोकळ्यांचे अंतर तो ५० सेकंदांत कापतो. पेटीच्या गाड्यात २७ खाने असतात. प्रत्येकात ६४ याप्रमाणे १,७२८ वस्तू मावतात. हॉपर मात्र सेकंदाला अडीच वस्तूच उतरवितो. भरलेला गाडा रिकामा होण्यास त्यामुळे साडेअकरा मिनिटे लागतात!

अशा वेळी अधिक पॉवर्ड रेल टाकून सोने खर्च करणे निरर्थक ठरते. त्याऐवजी दोन फलाट उभारून माल दोन गाड्यांत विभागावा. उतरविण्याचा वेळ निम्म्यावर येतो. वाहतुकीची कोंडी रस्त्यात नव्हे, तर मुक्कामी होते, हे या खेळातील मुलांना आपोआप उमगते. बंदराच्या नियोजनकर्त्यांनाही हेच ध्यानी ठेवावे लागते.