बाल्कनी सौर संच

बाल्कनी सौर संच : सज्जाच्या कठड्यावर बसविलेल्या एकदोन सौर पट्टांची एकदिश वीज छोट्या इन्व्हर्टरद्वारे प्रत्यावर्ती करून ती साध्या प्लगने घरातील विद्युत् मंडलात सोडणारी योजना. जर्मनीत तिचा विशेष प्रसार झाला असून, मे २०२४ पासून अंमलात आलेल्या तरतुदींनुसार पट्टांची एकूण क्षमता २,००० वॉट व इन्व्हर्टरची क्षमता ८०० व्होल्ट-अँपिअर यांच्या मर्यादेत असल्यास केवळ केंद्रीय नोंदवहीत दाखल करणे पुरेसे ठरते.

वायरिंगचे प्रचलित नियम मूलतः वीज मीटरकडूनच येते या गृहीतावर रचलेले असल्यामुळे, मंडलाच्या दुसऱ्या टोकाने वीज शिरू लागली म्हणजे त्या नियमांचा आधारच डळमळतो. कारण १६ अँपिअरच्या एमसीबीतून (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मंडल तोडणाऱ्या स्वयंचलित खटक्यातून) येणाऱ्या पूर्ण प्रवाहात संचाच्या सुमारे ३·५ अँपिअरची भर पडली, तर तारेच्या काही भागातून १९·५ अँपिअर वाहत असूनही एमसीबीस त्याची वार्ता लागत नाही, आणि जुनी, बारीक तार दीर्घकाळ तापत राहते. क्षमतेवरील मर्यादेचे हे एक प्रमुख कारण होय. प्लग उपसताच त्याच्या उघड्या पिनांतील दाब नाहीसा व्हावा आणि बाहेरचा पुरवठा खंडित होताच, दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जीवितरक्षणार्थ, इन्व्हर्टरनेही तत्काळ वीज थांबवावी, या दोन अटी अपरिहार्य आहेत. एका मंडलावर एकच संच जोडणे, एक्स्टेन्शन बोर्डांची साखळी टाळणे आणि जुन्या वायरिंगची जाणकार तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे, हे प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्य मानले पाहिजे.