मोटार थांबविण्याची विद्या

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार तिच्या धांवण्याचा इतिहास लिहितात. इंजिनाची शक्ति किती अश्वांची झाली, वेग ताशीं किती मैलांवर गेला, कोणती शर्यत कोणीं जिंकली, ह्यांचीं टिपणें विपुल आहेत. परंतु धांवती गाडी माणसानें आपल्या इच्छेनें उभी करण्यास कसें शिकून घेतलें, ह्या प्रश्नाकडे त्या मानानें लक्ष कमीच गेलें आहे. आमचेंहि गेलें नसतें. तें गेलें एका क्षुल्लक दिसणाऱ्या बिघाडामुळें.

आमच्या वडिलांनीं घेतलेली एक जुनी मोटार अद्याप आमच्या घरीं आहे. तिचें वय आतां सत्तरीच्या घरांत आहे. गेल्या पावसाळ्यानंतर एके दिवशीं चौकांतील सिग्नलपाशीं गाडी उभी असतां आमच्या ध्यानांत आलें कीं, ब्रेकवर ठेवलेला पाय हळूहळू खालीं जात आहे. पाय उचलून पुन्हां दाबला तर पॅडल घट्ट लागे. पण दाबून धरलें कीं तें पुन्हां नकळत बुडूं लागे. घरीं येऊन पाहिलें तों टांकींतील तेलाची पातळी जशीच्या तशी, चाकें कोरडीं, आणि गाडीखालीं एक थेंबहि सांडलेला नाहीं. कांहींच गळत नाहीं आणि ब्रेक मात्र जात आहे, हें कोडें आम्हांस उलगडेना. आमच्या मिस्त्रींनीं चार वेळां पॅडल दाबून पाहिलें आणि निदान सांगितलें, "सर, मास्टर गेला."

मास्टर म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर. वीतभरहि लांबी नसलेलें हें बिडाचें नळकांडें. त्यांत एक दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाशीं रबराची एक लहानशी वाटी, आणि पुढें एक स्प्रिंग. पॅडल दाबलें कीं दट्ट्या पुढें सरकतो, वाटी आपल्यापुढील तेल रेटते, आणि तो दाब नळ्यांतून चारहि चाकांपर्यंत पोंचतो. तेथें लहान सिलिंडरांतील दट्टे बाहेर सरकून ब्रेकचे शू ड्रमवर दाबतात. आमच्या सिलिंडरांतील वाटीची कड झिजली होती व नळकांड्याच्या आंतल्या भिंतीस गंजाचे बारीक खड्डे पडले होते. त्यामुळें दाबलेलें तेल पुढें जाण्याऐवजीं कडेवरून मागें निसटून पुन्हां आपल्या टांकींत येत होतें. तेल घरांतल्या घरांतच होतें. हरवला होता तो दाब.

येथें आमच्या एका स्नेह्यांशीं आमचा वाद झाला. हे गृहस्थ जुन्या मोटारींचे मोठे शौकीन. त्यांचें म्हणणें असें कीं, जुनें नळकांडें टाकूं नये. तें कोरून आंत पोलादाची पातळ नळी बसवावी, म्हणजे वस्तु मूळची राहील. "एक एक भाग बदलत गेलां तर शेवटीं तुमच्या वडिलांची गाडी म्हणून उरणार काय?" असा त्यांचा प्रश्न. प्रश्न इतिहासाच्या अध्यापकास विचारलेला असल्यामुळें त्याचें उत्तर इतिहासांतच शोधणें आम्हांस प्राप्त झालें.

ह्या नळकांड्याची वंशावळ मोटारीहून बरीच जुनी आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सिद्धांत ब्लेझ पास्कल ह्या फ्रेंच पंडितानें मांडला. त्याचा तद्विषयक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. सिद्धांत हातीं आला तरी यंत्र हातीं येण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. लंडनच्या जोसेफ ब्रामानें पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट १७९५ सालीं घेतलें. त्याची खरी अडचण अशी कीं, दट्ट्या सैल ठेवला तर पाणी कडेनें निसटे, आणि घट्ट आवळला तर तो हालेना. ह्यावर तोड निघाली ती कातड्याच्या वाटीसारख्या वळविलेल्या कड्याची, आणि ती ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सलीनें काढली, असें मॉड्सलीचा साहाय्यक नॅस्मिथ आत्मचरित्रांत सांगतो. ह्या कड्याची खुबी अशी कीं, पाण्याचा दाब जितका वाढेल तितकी त्याची कड भिंतीस अधिक घट्ट चिकटते, आणि दाब गेला कीं आपोआप सैल होते. जें फोडूं पाहतें त्याच्याच बळानें दार बंद करावयाचें, अशी ही युक्ति आहे.

आतां मोटारीकडे येऊं. आरंभींच्या गाड्यांचे ब्रेक सळयांनीं व तारांनीं ओढले जात, आणि पुष्कळ काळपर्यंत ते मागच्या चाकांसच असत. पुढच्या चाकांस ब्रेक द्यावयाचा तर पंचाईत मोठी. तीं चाकें वळतात, स्प्रिंगांवर वरखालीं होतात, आणि सळई तर सरळच चालणारी. शिवाय चारहि चाकांच्या सळया समान ताणलेल्या ठेवणें हें नित्याचें कर्म होऊन बसे. एका बाजूचा ब्रेक अधिक धरला कीं गाडी त्या बाजूस ओढली जाई, आणि ओल्या रस्त्यावर सरळ फिरून उलट तोंड करी. द्रवास ह्यांतील एकहि अडचण नाहीं. तो वळणावरून जातो, लवचिक नळींतून जातो, आणि पक्षपात न करितां सर्वांस सारखाच दाब वांटतो.

हें ओळखून माल्कम लॉकहीड ह्या अमेरिकनानें द्रवचालित ब्रेकचें पेटंट १९१७ सालीं मिळविलें. पुढें विमानांमुळें जगप्रसिद्ध झालेलें लॉकहीड हें नांव त्याच्याच घराण्याचें. ॲलन हा त्याचा भाऊ. १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग कंपनीनें आपल्या गाडीच्या चारहि चाकांस असे ब्रेक बसविले, आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत फ्रान्समध्यें ल मां येथें झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी ह्यानें असेच ब्रेक असलेल्या ड्यूसेनबर्गवरून जिंकली. त्या विजयांत इंजिनाचा वांटा होताच. परंतु वळणापूर्वीं जो सर्वांत उशिरां ब्रेक दाबूं शकतो त्याचा सरासरी वेग वाढतो, हेंहि शर्यतवाल्यांस तेव्हांपासून पटूं लागलें. १९२४ सालीं वॉल्टर क्रायसलरनें आपली पहिली गाडी बाजारांत आणली तेव्हां तिला चारहि चाकांस द्रवाचे ब्रेक होते. त्याच्या इंजिनियरांनीं लॉकहीडच्या मूळ रचनेंतील गळक्या कातड्याच्या जागीं रबराच्या वाट्या घातल्या, आणि शर्यतीची वस्तु संसारी माणसाच्या उपयोगाची झाली.

ह्या सामर्थ्याचें गणित सोपें आहे. पायानें वीस किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर दट्ट्यावर शंभर किलो पडतात. दट्ट्याचा व्यास एक इंच असेल तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें पांच चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोचा दाब. प्रत्येक चाकांत त्याच मापाचे दोन दट्टे असले तर आठांपैकीं प्रत्येकास शंभर किलोचा रेटा मिळतो. निसर्ग अर्थात् कांहींच फुकट देत नाहीं. येथें जें बळ वाढतें तें अंतरांत फेडावें लागतें, आणि पॅडल तीन-चार इंच जातें तेव्हां चाकांतील शू कसाबसा केसभर सरकतो.

इतकें असूनहि हेन्री फोर्डनें ही पद्धति दीर्घकाळ नाकारली. त्याच्या स्पर्धकांपैकीं प्लिमथनें ती १९२८ पासून व शेव्हरोलेनें १९३६ पासून चालू केली. फोर्ड गाडीस द्रवाचे ब्रेक आले ते १९३९ च्या मॉडेलपासून. तोंवर पायापासून चाकापर्यंत अखंड पोलाद आहे, हेंच त्याची कंपनी जाहिरातींत अभिमानानें सांगत असे. इंग्लंडांत रोल्स-रॉइससारख्या कंपनीनें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, द्रवाचे ब्रेक दिले, ते पुढच्या चाकांस. मागचे यांत्रिकच ठेविले. ह्या मंडळींस हटवादी म्हणून हंसणें सोपें आहे. पण त्यांच्या शंकेंत तथ्य होतें. चार सळयांपैकीं एक तुटली तर तीन उरतात. परंतु एक नळी फुटली, किंवा एक रबराची वाटी फाटली, कीं चारहि चाकांचा ब्रेक एकाच क्षणीं जातो. जो द्रव बळ समान वांटतो तो विनाशहि समानच वांटतो, हें त्या काळच्या उत्साहांत फारसें कोणीं बोलून दाखविलें नाहीं.

हा वारसा आपल्याकडे आला तो बराचसा क्रायसलरच्याच वाटेनें. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें क्रायसलरशीं करार करून १९४७ सालीं मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज व प्लिमथ गाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढें त्याच कारखान्यांत फियाट ११०० होऊं लागली. १९७४ मध्यें तिचें नांव प्रीमियर पद्मिनी झालें, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. दोन पिढ्यांच्या मिस्त्रींनीं मास्टर उघडण्याची विद्या अशाच गाड्यांवर मिळविली. ती शाळेंत शिकविली जात नव्हती. पावसाळी, दमट हवेनें ती शिकविली. कारण ब्रेकचें नेहमींचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें कीं तो १४० पर्यंत उतरला तरी नियमांत बसतो. बोरघाटासारख्या लांब उतारावर ड्रम तापून तेलांत वाफ झाली, तर पाय त्या वाफेसच दाबीत बसतो आणि गाडी चालतच राहते. तेंच पाणी नळकांड्यास आंतून गंजवितें. आमच्या सिलिंडरांतील खड्डे त्याचेच.

फोर्डच्या शंकेस उत्तर मिळालें तें १९६० नंतर, आणि तेंहि द्रवाच्याच भाषेंत. एकाच नळकांड्यांत एकामागें एक असे दोन दट्टे बसवून दोन स्वतंत्र मार्ग काढले. एक फुटला तरी दुसरा अर्धी कां होईना गाडी धरतो. कॅडिलॅकनें १९६२ सालीं असा जोडसिलिंडर दिला, आणि १९६८ च्या आरंभापासून अमेरिकेंत नव्या मोटारींस तो कायद्यानेंच आवश्यक झाला. म्हणजे विजयी पक्षानें पराभूत पक्षाचा आक्षेप चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीं मान्य केला. मधल्या काळांत ज्या गाड्या झाल्या त्यांत तो आक्षेप अनुत्तरितच राहिला आहे. आमची गाडी त्याच काळांतली. तिच्यांत वाटी एक, मार्ग एक, आणि आमचें सर्व कुटुंब त्या एका वाटीच्या भरंवशावर घाट उतरत आलें आहे, हें ध्यानांत आल्यावर स्नेह्यांच्या प्रश्नाचें स्वरूप आमच्यापुरतें बदललें.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द फार विचारानें घडविलेला आहे. देवळाचा भंगलेला दगड काढून त्याच मापाचा नवा बसवितात, तेव्हां देऊळ बदललें असें कोणी म्हणत नाहीं. त्या रचनेमागील योजना चालू राहणें, हेंच तेथें मूळ. आमच्या वाटीचेंहि तसेंच आहे. मॉड्सलीचें कातडें गेलें, क्रायसलरचें पहिलें रबर गेलें, आमच्या वडिलांच्या वेळचें रबरहि केव्हांच गेलें असेल. पण दाब वाढतांच कड भिंतीस चिकटावी ही युक्ति दोन शतकांहून अधिक काळ अखंड आहे. गाडींत कांहीं मूळचें असेल तर तें हें. स्नेह्यांची पोलादी नळीची सूचना वाईट नव्हती. परंतु आमचें नळकांडें बाहेरूनहि तोंडापाशीं चिरलें होतें. आम्हीं त्याच घडणीचा नवा सिलिंडर आणविला. जोडसिलिंडर बसवावा काय, ह्याचाहि विचार झाला. पण ह्या गाडीस तो बसविण्यासाठीं नळ्यांची सगळी रचना मोडावी लागेल व नवी जुळणी निर्धोक होईल कीं नाहीं, ह्याची हमी कोणी देईना. तेव्हां तो बेत सोडून आम्हीं हँडब्रेकची तार मात्र नवी घातली. ती अद्याप पोलादाची आहे, व द्रवाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. फोर्डच्या शंकेस आम्हीं दिलेला हा मान समजावा.

सिलिंडर बसविल्यावर मिस्त्रींनीं सर्वांत अधिक वेळ घालविला तो पॅडलच्या दांड्याची ढील पाहण्यांत. नळकांड्यांत वाटीच्या किंचित् पुढें राईएवढें एक छिद्र असतें. पाय उचलला कीं वाटीनें मागें येऊन तें उघडें केलें पाहिजे, म्हणजे दाबाचें तेल टांकींत परततें. दांडा किंचित् लांब राहिला तर छिद्र झांकलेलेंच राहतें, ब्रेक घांसत राहतात, ड्रम तापतात, तेल फुगतें, आणि गाडी भर रस्त्यांत स्वतःच जखडून बसते. धरतां येणें जितकें आवश्यक तितकेंच सोडतां येणेंहि. हें दुसरें काम त्या राईएवढ्या छिद्राकडे आहे.

मग हवा काढण्यास आरंभ झाला. मास्टरपासून सर्वांत दूरचें, म्हणजे डावें मागचें, चाक पहिलें. मिस्त्री चाकापाशीं बाटली व रबरी नळी घेऊन बसले. आमची कन्या पॅडलवर. "ताई, दाबा. धरा. हं, आतां सोडा," असा क्रम घटकाभर चालला. बाटलींत प्रथम फेंसाळ तांबूस तेल आलें, मग बुडबुडे, मग एकेक चुकार बुडबुडा, आणि शेवटीं अखंड स्वच्छ धार. चारहि चाकें झाल्यावर आम्हीं पॅडल दाबून मनांत शंभर अंक मोजले. पाय जागचा हालला नाहीं.

जुनें नळकांडें आमच्या ग्रंथांच्या फळीवर ठेविलें आहे. तेल बदलल्याची तारीख व दोन वर्षांनंतरची पुढील तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी गाडींत चिकटविली आहे. ती कन्येच्या हस्ताक्षरांत आहे, कारण पुढील वेळीं आठवण ठेवण्याचें काम तिनें आपणहून पत्करलें आहे.