खो-खो : नियमांतून घडलेले सांघिक उत्तरदायित्व

संघातील प्रत्येकाचे ध्येय एक असावे आणि आपल्या वाट्याच्या कामाचा जाब प्रत्येकाला देता यावा, ही जबाबदारी बहुतेक सांघिक खेळांत कर्णधाराच्या वचकावर किंवा प्रशिक्षकाच्या शिकवणुकीवर सोपवलेली असते. महाराष्ट्रात आकाराला आलेल्या खो-खोने मात्र तिचा मोठा भाग नियमांतच बांधून टाकला. पाठशिवणीच्या जुन्या खेळांशी नाते सांगणाऱ्या या खेळाला 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने लेखी नियमांची चौकट दिली, 1924 मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने आपली नियमावली प्रसिद्ध केली, आणि 1930 च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना एकसूत्रीपणा आणण्याचे काम हाती घेतले.

या नियमांचा गाभा आक्रमकाच्या स्वातंत्र्यावर घातलेल्या बंधनांत आहे. पारंपरिक खेळात आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी दोन खांबांमधील मधल्या पाटीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. परंतु त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत पोहोचल्याखेरीज बदलता येत नाही, त्यामुळे संरक्षक पाटीच्या पलीकडे निसटताच बसलेल्या सहकाऱ्याला मागून स्पर्श करून ‘खो’ देणे, म्हणजे पाठलाग त्याच्या हाती सोपवणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो. खो मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग ठरतो, आणि नियमभंगानंतर आक्रमकाला उलट दिशेने जावे लागत असल्यामुळे एकाच्या उतावळेपणाची किंमत साऱ्या संघाला मोजावी लागते.

संरक्षणाची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे. संरक्षक तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात आणि पहिली तुकडी जितका वेळ तग धरते तितका मागच्या तुकड्यांवरील भार हलका होतो; गुण संघाच्या नावावर जमा होत असले तरी कोणी किती वेळ संरक्षण केले आणि कोणी किती गडी बाद केले याची नोंद गुणपत्रकात स्वतंत्रपणे होते, आणि मराठी वृत्तपत्रांतील सामन्यांच्या वृत्तांतही हा वैयक्तिक हिशेब नावानिशी छापला जातो. सामूहिक यश आणि व्यक्तिगत जबाबदारी यांची सांगड अशा रीतीने खेळाच्या दप्तरातही कायम राहिली.

राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाडा येथे सुरू झाल्या आणि खेळ महाराष्ट्राबाहेर पसरला, तरी ही चौकट दीर्घकाळ टिकली. 2022 मध्ये पुण्यातच पहिला हंगाम झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगने मात्र मॅटवरील खेळात आक्रमकांची संख्या सातवर आणली आणि कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला ‘वजीर’ निर्माण केला. खेळ अधिक वेगवान व प्रेक्षणीय करणाऱ्या या बदलामुळे, पूर्वी सर्वांवर सारखे असलेले बंधन एकापुरते सैल झाले आणि त्याच प्रमाणात त्याच्याकडून अपेक्षाही वाढल्या. यावरून असे दिसते की संघभावना केवळ खेळाडूंच्या स्वभावावर अवलंबून नसते. कोणाला किती मोकळीक द्यायची हे नियम ठरवतात आणि त्या मोकळिकीबरोबरच उत्तरदायित्वाचे वाटपही बदलत जाते.