संगणकातली मराठी : एका खुणेचा इतिहास

मंडळी, बॉबलिंगेनला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत संगणक हा पोटापाण्याचा विषय. दिवसभर कचेरीत त्याच्याशी झटायचे आणि रात्री घरच्या संगणकापुढे पुन्हा बसायचे, ते मात्र वेगळ्या हट्टासाठी : याने मराठी लिहिले पाहिजे! त्यासाठी पडद्याआड काय काय उचापती कराव्या लागत, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. म्हणून ही हकीकत.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. आयबीएमची प्रयोगशाळा इथे १९५३ साली निघाली आणि ह्यूलेट-पॅकार्डने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना १९५९ साली इथेच काढला. आयबीएमने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका आणली. तिच्यातले लहानसे ‘मॉडेल २०’ इथल्याच प्रयोगशाळेत घडले. या मालिकेने आठ बिटांचा बाइट रूढ केला. आठ बिटांत जागा २५६, आणि एका जागेवर एक चिन्ह. पुढे घरगुती संगणक आले तरी हिशेब तोच राहिला. निम्म्या जागा इंग्रजीच्या, उरलेल्यांत जर्मनांचे उमलाउट, फ्रेंचांचे स्वर आणि चौकटी आखायच्या रेघा. आपल्या बाराखडीला तिथे बसायलाही पाट नव्हता.

डॉसच्या काळात घरच्या संगणकाच्या सगळ्या गुप्त किल्ल्या दोन फायलींत असत : कॉन्फिग-सिस आणि ऑटोएक्झेक-बॅट. एकीत देशाचा क्रमांक ०४९ लिहायचा, दुसरीत जर्मन कीबोर्डची ओळ. ती ओळ चुकली की संगणक कीबोर्ड अमेरिकन समजे. मग वाय दाबले की झेड उमटे, आणि अपूर्णविराम हवा असेल तर शिफ्टसह ओ-उमलाउटची कळ दाबावी लागे! ६४० किलोबाइटांतली थोडी जागा मोकळी करण्यासाठी ओळी वरखाली करत रात्र जाई. जर्मन मात्र त्या एका ओळीने येई. मराठी कोणत्याच ओळीने येत नसे.

भारतात यावर काम चालू होते. आय.आय.टी. कानपूरला सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅककडे आले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसमध्येही देवनागरी दिसे. त्यामागच्या ‘इस्की’ संकेताला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात पहिल्या १२८ जागा इंग्रजीला आणि पुढच्या आपल्या लिपीला. म्हणजे मराठी आणि इंग्रजी शेजारी नांदल्या, पण जर्मन उमलाउट घराबाहेर!

ज्यांच्याकडे कार्ड नव्हते त्यांनी विंडोजवर फाँटची युक्ती केली. शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फाँटांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे, फक्त त्याचे चित्र देवनागरी. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. छापून काढले की सुरेख दिसे. पण तीच फाइल दुसऱ्याच्या घरी उघडली की इंग्रजी अक्षरे, उमलाउट आणि टोप्यांचा बाजार! विंडोज ९५ मध्ये जुन्या दोन फायलींचे बरेचसे काम ‘रजिस्ट्री’कडे गेले. तिच्यात कितीही खणले तरी मराठीचे बटण सापडणार नव्हते, कारण जोडाक्षरे जुळवणारा भागच मुळात आत नव्हता.

खरी वाट युनिकोडने काढली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला, इस्कीच्याच क्रमाने, स्वतःच्या जागा मिळाल्या. आता मराठीसाठी जर्मनला उठवायचे कारण उरले नाही. २००० साली विंडोज २००० ‘मंगल’ फाँट घेऊन आले. २००१ मध्ये एक्सपी आले, आणि इथेच ती खूण होती. देश आणि भाषा यांच्या खिडकीत, दुसऱ्या पानावर, ‘जटिल लिप्यांच्या फायली बसवा’ अशा अर्थाचा एक रिकामा चौकोन. त्यात बरोबरची खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. खूण नसेल तर ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसे. आमच्या विक्रेत्याने संगणकाबरोबर सीडी दिलीच नव्हती. शेवटी एका मित्राची आणली. ‘चि.’ नीट उमटले तेव्हा सौ.ने स्वयंपाकघरातून येऊन पाहिले आणि म्हणाली, “इतकंच होतं?”

इतकेच होते. २००७ च्या व्हिस्टापासून ती खूणही करावी लागत नाही. मराठीचा स्वतंत्र ‘ॲ’ मात्र युनिकोडमध्ये २००८ साली आला. आजही करायची ती एकच गोष्ट : सेटिंगमध्ये मराठी भाषा आणि कीबोर्ड जोडणे. इनस्क्रिप्ट घेतलात तर ध्यानात ठेवा, जर्मन कीबोर्डवर बॉबलिंगेनचा ‘ब’ झेड छापलेल्या कळीवर सापडतो. ‘ळ’ शिफ्टसह एनवर, आणि ‘वाऱ्या’तला ‘ऱ’ शिफ्टसह जेवर.

आता एक विनंती. जुन्या फाँटांत टंकलेली आईवडिलांची पत्रे, आरत्या, पाककृती, मंडळाच्या नाटकांच्या संहिता आपल्या घरांत जुन्या डिस्कांवर पडून असतील. त्या आज उघडल्या तर मुलांना कचरा वाटेल आणि ती पुसून टाकतील. तो कचरा नाही. फाँटचे नाव ठाऊक असेल तर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरे तेवढी डोळ्यांनी तपासावी लागतात. म्हणून फाँटचे नाव ज्यांना आठवते त्यांनी ते आजच डिस्कवर चिकटवून ठेवावे. संगणकाला सांगून ठेवण्यासारखी ही शेवटची खूण, आणि ती फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.