इन्सुलिन आहे, पण चालत नाही

मधुमेह का होतो, असं वर्गात विचारलं तर बहुतेक मुलं पाठ असलेलं उत्तर देतात, 'इन्सुलिन कमी पडतं म्हणून.' उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आज जगातल्या दहापैकी सुमारे नऊ मधुमेहींना जो मधुमेह असतो, त्याची सुरुवात बहुधा रक्तात भरपूर इन्सुलिन असतानाच होते. ही गोष्ट लक्षात यायला काही दशकं लागली.

एक साधी चाचणी

१९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून रक्तातली साखर उतरवणारा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला असा अर्क टोचला. पहिल्या इंजेक्शनाचा फारसा उपयोग झाला नाही. मग कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. इतक्या ठळक यशानंतर 'मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव' हे समीकरण पक्कं झालं, यात नवल नाही.

या समीकरणाला पहिला धक्का दिला लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ या तरुण डॉक्टरांनी. काही रुग्णांना थोडंसं इन्सुलिन पुरतं, तर काहींना बरंच द्यावं लागतं, असं दिसत होतं. हिम्सवर्थनी रुग्णांना ग्लुकोज प्यायला दिलं आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन टोचलं. मग थोड्या थोड्या वेळानं रक्तातली साखर मोजली. काहींची साखर जवळजवळ वाढलीच नाही. इतरांची मात्र इन्सुलिन टोचूनही चढत गेली. पहिल्या गटात बहुतेक तरुण, कृश रुग्ण होते; दुसऱ्यात बरेचसे वयस्क, स्थूल आणि रक्तदाब असलेले. १९३६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलं, की मधुमेह दोन प्रकारचा असतो: इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा.

कल्पना अचूक होती, पण तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. रक्तातलं इन्सुलिन नेमकं किती आहे, हे मोजण्याची चांगली पद्धतच तेव्हा नव्हती.

मोजमाप आलं

ही पद्धत मिळाली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात. रोझलिन यॅलो या पदार्थवैज्ञानिक, तर सॉलोमन बर्सन डॉक्टर. इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते शरीरात किती वेळ टिकतं, हे दोघं पाहत होते. इन्सुलिन घेत आलेल्या रुग्णांमध्ये ते जास्त वेळ टिकत होतं, कारण त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं त्याला धरून ठेवत होती. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात, हे तज्ज्ञांना पटेना. निबंध आधी नाकारला गेला. ते नकारपत्र यॅलोंनी पुढे आपल्या नोबेल व्याख्यानात सर्वांना दाखवलं.

याच प्रतिद्रव्यांचा त्यांनी मोजपट्टीसारखा उपयोग केला. एसटीत ठरावीक आसनं आहेत आणि काही खुणेचे प्रवासी आधीच बसलेत, असं समजा. बिनखुणेचे प्रवासी जितके जास्त चढतील, तितके खुणेचे प्रवासी आसनाबाहेर पडतील. बाहेर पडलेले मोजले, की चढलेल्यांचा अंदाज येतो. प्रतिद्रव्यं म्हणजे आसनं, खुणेचे प्रवासी म्हणजे किरणोत्सारी इन्सुलिन, आणि नव्यानं चढणारे म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं इन्सुलिन. १९६० च्या सुमारास या पद्धतीनं मोजमाप झालं, तेव्हा प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात निरोगी माणसांपेक्षाही जास्त इन्सुलिन सापडलं!

आता चित्र स्पष्ट झालं. स्नायू, यकृत आणि मेदपेशी इन्सुलिनचा संदेश नीट ऐकत नाहीत. स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन सोडतं, आणि त्यामुळे काही वर्षं साखर ठीक राहते. स्वादुपिंड थकलं, की साखर वाढते.

मधल्या वर्षांत काय होतं? १९८८ साली स्टॅनफर्डच्या जेराल्ड रिव्हन यांनी याकडे लक्ष वेधलं. इन्सुलिनरोध, रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि कमी झालेलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल या गोष्टी एकाच माणसात वारंवार एकत्र येतात आणि हृदयविकाराचा धोका वाढवतात. या समूहाला त्यांनी 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. पुढे 'मेटाबॉलिक सिंड्रोम' हे नाव रूढ झालं.

वजनकाटा पुरत नाही

हा जाड माणसांचा आजार, असा समज मात्र राहिला. १९९१ साली लंडनमधल्या दक्षिण आशियाई लोकांच्या पाहणीत पोटाभोवतीची चरबी आणि इन्सुलिनरोध, दोन्ही तिथल्या युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करत होते. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याकडची बाळं हडकुळी होती, पण त्यांच्या पाठीच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे प्रश्नाचं एक मूळ आईच्या पोषणात आहे. म्हणून आपल्याकडे वजनाइतकंच कमरेच्या घेराकडेही पाहतात: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची मर्यादा.

उपाय काय?

काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या हुकमाची वाट न पाहताही रक्तातली साखर आत घेऊ शकतो. म्हणूनच चालण्याला इतकं महत्त्व. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात (२००२) आहार, व्यायाम आणि थोडी वजनघट यांमुळे मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या प्रयोगात (२००६) आहार आणि व्यायामामुळे ते सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजन फारसं कमी न होता. म्हणजे वजनाचा काटा हलला नाही, तरी चालणं वाया जात नाही.

हिम्सवर्थची चाचणी वर्गात सांगण्याजोगी आहे. फळ्यावर वेळ आणि साखर यांचे दोन आलेख काढा, एक जवळपास सपाट आणि दुसरा चढता. दोघांनाही ग्लुकोज आणि इन्सुलिन सारख्याच प्रमाणात दिलंय, एवढंच सांगा. हा फरक का पडला असेल, याचा विचार मुलांना करू द्या.