मुंबई महापालिका १९५७ : सत्तांतर आणि आपण

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हुतात्मे, मोर्चे, शाहिरांचे पोवाडे, अत्र्यांचा 'मराठा' हे सारे त्यात येते. पण या चळवळीने १९५७ साली मुंबई महानगरपालिकेत जे सत्तांतर घडविले, त्यात दलित समाजाने काय दिले आणि त्याच्या पदरात काय पडले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडणे मला अगत्याचे वाटते.

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीची घटक होती. ती डोळे झाकून समितीत गेली नव्हती. भाषावार प्रांतात एखादी बहुसंख्य जात सत्ताधीश होऊन बसेल आणि अल्पसंख्य दलितांची गळचेपी करील, हा धोका बाबासाहेबांनी १९५५ सालीच आपल्या ग्रंथात दाखवून दिला होता. मराठी मुलखाचे चार भाग करावेत आणि मुंबई शहराचे त्यांपैकी एक राज्य करावे, असे त्यांनी सुचविले होते. तरीही मुंबई मराठी माणसाच्या हातून जाऊ नये, हीच आपल्या माणसांची भूमिका होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्या दुःखातून सावरण्याआधीच समाज निवडणुकांना सामोरा गेला. नायगाव आणि वरळीच्या चाळींतील कामगारांनी आपले मत समितीच्या पारड्यात टाकले.

महापालिकेतून काँग्रेसची सत्ता गेली. १९५७ साली समितीचे आचार्य दोंदे महापौर झाले, १९५८ साली कम्युनिस्ट पक्षाचे मिरजकर, आणि १९५९ साली रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे. महापौरपदाला त्या काळी आरक्षण नव्हते. म्हणून बोराळे यांची निवड ही कोणाची मेहेरबानी नव्हती. संघटित मतांनी वसूल केलेला तो वाटा होता. ज्या शहराचा केर आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काढला, त्या शहराचा प्रथम नागरिक म्हणून आंबेडकरी चळवळीतील माणूस बसला, या घटनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु खुर्ची म्हणजे सत्ता नव्हे. १८८८ च्या कायद्याने मुंबईचा कारभार आयुक्ताच्या हाती दिला आहे आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. ते सरकार काँग्रेसचेच होते. खर्चाच्या नाड्या स्थायी समितीच्या हाती. महापौराने सभा चालवावी, पाहुण्यांचे स्वागत करावे आणि वर्ष संपताच खुर्ची सोडावी, अशी ती रचना होती. झाडू मारणारा कामगार मात्र आयुक्ताच्या हुकमतीखाली होता, तो तसाच राहिला. त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन माणसे जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. मुंबईत आपला महापौर, खेड्यात आपलीच माणसे कोठडीत, असे ते वर्ष होते. आणि नेमक्या याच सुमारास पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन तट पडले.

समितीला बांधून ठेवणारा धागा एकच होता, तो म्हणजे राज्य. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि तो धागा सुटला. घटक पक्ष पांगले आणि १९६१ च्या निवडणुकीत काँग्रेस महापालिकेत परत आली. चार वर्षांच्या भागीदारीत आपण पदाचा करार केला. सफाई कामगारांच्या घरांचा, पगाराचा, वस्तीतल्या नळांचा करार केला नाही. माझ्या मते दोष युतीचा नव्हता. ती कशासाठी करायची, हे लिहून घेतले नाही, हा दोष होता.

पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत राखीव जागा आल्या. पक्षही बदलत गेले. तरी मुंबईच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. निकाल लागला तो २०१७ साली. तो लढा त्यांच्या संघटनेने लढला, कोणत्याही महापौराने नव्हे.

म्हणून पालिकेतील प्रत्येक सत्तांतरानंतर आपण एकच प्रश्न विचारावा : खुर्चीवर कोण बसला हे कळले, पण झाडू हातात असलेल्याच्या पगाराचे, घराचे आणि जिवाचे काय ठरले?